कारकुनाची सही

७ जानेवारी

श्वान-प्रशिक्षण केंद्राने दिलेल्या पुस्तिकेत 'कुटुंबाने रोजची नोंद ठेवावी' असे एक मोघम वाक्य आहे. कोणत्या बाबींची, कोणत्या वेळी, कोणत्या एककात, याचा पत्ता नाही. म्हणून तक्ता मी स्वतः आखला. तक्ता केंद्रासाठी, ही वही माझ्यासाठी.

कुत्रा आज साडेदहाला आला. मातकट रंग, रुंद छाती, एक कान किंचित दुमडलेला. केंद्राच्या कागदावर वजन 'अंदाजे तीस किलो' लिहिले होते. मी मोजले: एकतीस किलो चारशे ग्रॅम. बसताना तो पुढचे पंजे जुळवतो, मान तिरपी करतो आणि समोरच्याकडे असा पाहतो, जणू आपण एखादे प्रमाणपत्र घरी विसरून आलो आहोत. केंद्रात त्याला 'कारकून' म्हणतात. नाव थिल्लर आहे, परंतु चूक म्हणता येत नाही.

त्याच्यासोबत आलेली प्रशिक्षिका पन्नाशीची, आडव्या बांध्याची. पूर्वी पोलिसांच्या श्वानपथकात होती. उजव्या हाताला करंगळी नाही. कुत्र्याने तोडली का, असे मी विचारले.

"नाही हो साहेब. नवऱ्याने दार आपटलं, त्यात गेली. कुत्र्यांनी मला आजवर साधा ओरखडा काढलेला नाही."

प्रश्नाच्या मानाने उत्तर अकारण खासगी होते.

मुलगी नऊ वर्षांची. 'मुंगी' हे नाव तिच्या मामाने ठेवले, कारण ती वस्तू रांगेत मांडते आणि चावते. शब्द मोजून पंधरा-वीस. झटका आला की डोके भिंतीवर आपटते, हाती लागेल ते फेकते, जवळ असेल त्याचे मांस दातांत धरते. नोव्हेंबरात शाळेतल्या मदतनीस बाईंचे नाकाचे हाड तिने पाण्याच्या बाटलीने मोडले. शाळेची अट अशी: तीस मार्चच्या चाचणीत कुत्रा उत्तीर्ण झाला तर मुंगी त्याला घेऊन वर्गात परतू शकते. नाहीतर निवासी संस्था. तिथली एक खाट एकतीस मार्चपर्यंत तिच्या नावाने राखून ठेवलेली आहे. मी ती पाहून आलो. भिंतींना रबराचे अस्तर, खाटेचे पाय फरशीला स्क्रूने आवळलेले. मी हलवून पाहिली, हलली नाही. माझी मुलगी त्या खाटेवर झोपणार नाही.

कुत्र्याची पद्धत प्रशिक्षिकेने तिच्या भाषेत सांगितली. "झटक्याच्या आधी माणसाचा घाम बदलतो. तो वास ज्याच्या अंगाला येईल त्याच्या गुडघ्यावर हा पंजा ठेवणार. आम्ही म्हणतो, कारकुनाने सही केली. तेवढ्यावर भागलं नाही, तर हा मध्ये आडवा पडणार. मग ओढा, ढकला, तो उठत नाही."

"कशाच्या मध्ये?"

"मारणारा आणि ज्याला लागणार तो, यांच्या मध्ये. भिंत असली तर भिंतीच्या."

व्याख्या ढिसाळ आहे. मी तक्त्याखाली नीट लिहून घेतली.

१० जानेवारी

नमुन्यांविषयी. कुत्र्याला वास शिकवण्यासाठी झटक्याच्या पहिल्याच क्षणी मुलीची मान सुती कापडाने पुसायची आणि कापड बरणीत बंद करायचे, असा नियम होता. गेल्या पावसाळ्यात पहिले तीन नमुने पत्नीने घेतले. ती औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठ्या लिहिण्याची तिला सवय असायला हवी. लेबलांवर होते: 'मंगळवार, संध्याकाळ'. संध्याकाळ हे मोजमाप नव्हे. तिन्ही बरण्या मी टाकून दिल्या आणि काम स्वतःकडे घेतले.

पुढचे अकरा नमुने माझे. सोपे नव्हते. एका हाताने तिची दोन्ही मनगटे पाठीमागे आवळायची, गुडघा तिच्या पायांवर, उरलेल्या हाताने मान पुसायची आणि बरणीचे झाकण दातांनी फिरवायचे. एका कापडावर माझ्या रक्ताचे चार थेंब पडले, तेही लेबलावर नमूद केले. अकरा बरण्या, अकरा लेबले, तारीख, तास, मिनिट, एकही खाडाखोड नाही. त्या हातात घेऊन प्रशिक्षिका एवढेच म्हणाली होती, "अक्षर काय सुरेख आहे तुमचं." याहून अधिक आकलनाची अपेक्षा मी केलेली नव्हती.

१६ जानेवारी

कुत्रा आल्यानंतरचा पहिला झटका. आठ वाजून बारा मिनिटे, न्याहारीची वेळ.

चमचा मुठीत धरायचा नाही, तीन बोटांत धरायचा, हे मी चार वेळा सांगितले. पाचव्यांदा तिची बोटे मीच चमच्याभोवती वळवली आणि तशीच दाबून धरली. टेबलाखालून कुत्रा आला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मी तो काढला. त्याने पुन्हा ठेवला, या वेळी नखांसकट. "इकडे नाही, तिकडे," असे म्हणून मी त्याला बुटाने बाजूला सारले.

सहा मिनिटांनी मुंगीने कपाळ माझ्या हनुवटीवर हाणले. माझा सुळा खालच्या ओठातून आरपार गेला. ग्लास फुटला, दूध आणि काच सगळीकडे. तिने डोके टेबलाच्या कडेवर दोनदा आपटले. तिसऱ्यांदा आपटण्याआधी मी तिला उचलून जमिनीवर पालथे दाबले. ती माझ्या पोटरीला चावली. मी तिचा दंड आवळला.

"सोड तिला," पत्नी म्हणाली.

"सोडलं तर भिंतीवर डोकं फोडेल."

"ती आता आपटत नाहीये. तू धरलंयस म्हणून ती ओढतेय. सोड."

मी सोडले नाही. चौदा मिनिटे लागली. कुत्रा सर्व वेळ माझा कोपर आणि तिची पाठ यांच्यामध्ये मुंडके खुपसण्याचा खुळचट प्रयत्न करत होता. भिंतीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

तिच्या दंडावर चार निळे डाग उठले आहेत. तिची त्वचा आईवर गेली आहे. जरा धरले की डाग पडतो.

तक्ता: सही वेळेवर, व्यक्ती चुकीची. निर्णय: चूक.

२२ जानेवारी

आज कामावर मन खवळले. आमच्या प्रयोगशाळेत बाजारातली, कारखान्यांतली, औषधशाळांतली वजने तपासायला येतात आणि ती ज्यांच्याशी ताडून पाहायची ती मूळ मानके एका काचेच्या कपाटात असतात. नवी साहाय्यिका एक किलोचे मानक उघड्या बोटांनी उचलताना मी पाहिली. बोटाचा ठसा म्हणजे तेल आणि घाम. त्यालाही वजन असते. एकदा स्पर्श झाला की पुढे मोजता ते वजन अधिक तुम्ही स्वतः. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिच्यासमोरचा ट्रे हाताने उडवून दिला. तो कपाटावर आदळून काचेला तडा गेला. ती रडू लागली. "तुमच्यासारख्या माणसांमुळे जगातला प्रत्येक तराजू खोटं बोलतो," असे मी म्हणालो, आणि वाक्य कठोर असले तरी अचूक होते.

घरी येऊन तिच्याविरुद्धचा अहवाल लिहीत होतो. अभ्यासिकेचे दार ढकलून कुत्रा आत आला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मुंगी पलीकडच्या खोलीत शांतपणे चपला रांगेत मांडत होती. झटका आला नाही.

चूक क्रमांक नऊ. त्याच्या नाकाविषयी मला गंभीर शंका आहे.

२ फेब्रुवारी

मेहुणा सुतार आहे. न्हाणीघराचे दार दुरुस्त करायला आला, हे तिसऱ्यांदा. तो बडबड्या आहे, पण चौकट गुण्यात, नेमक्या काटकोनात, बसवतो, म्हणून मी सहन करतो. कारकुनाला पाहताच म्हणाला, "काय साहेब, आमचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय?" मुंगी हसली. ती हसते तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.

मग त्याने फुटलेल्या फळीवर बोट फिरवले.

"भावोजी, हे कुणी फोडलं म्हणालात?"

"मुंगीने. शनिवारी."

"ती कुठे होती?"

"आत. कडी लावून बसली होती. बाहेर येईना."

"चिरफाळ्या आतल्या बाजूला निघाल्यात," तो म्हणाला. "म्हणजे धक्का बाहेरून बसलाय. लाकूड कुणाची बाजू घेत नाही."

दार मी खांद्याने फोडले हे त्याला सांगण्याची गरज मला वाटली नाही. ती आत डोके आपटत असेल तर? आपटत नव्हती, हे दार फुटल्यानंतर कळले. ती बादलीच्या आड कान झाकून बसली होती. परंतु माहिती नंतर मिळाली म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. शिवाय, ती तिथे गेली नसती तर दार फुटले नसते. या अर्थाने फोडले तिनेच.

तो जाताना बहिणीशी जिन्यात बराच वेळ बोलत होता. नवी कडी त्याने आतून, वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, चांगली जाड बसवली आहे. मुंगीचा हात तिथे पोहोचत नाही. पत्नीचा पोहोचतो. हा कसला हिशेब, ते मला कळले नाही.

९ फेब्रुवारी

प्रशिक्षिका तपासणीला आली. मी तक्ता तिच्यासमोर ठेवला. एकूण सह्या एक्केचाळीस. मुंगीवर सात. माझ्यावर चौतीस.

"इतका सदोष कुत्रा तुम्ही प्रमाणित कसा केला?"

तिने तक्ता सावकाश वाचला. ओळीवर ओळ, करंगळी नसलेला हात सरकवत. मग म्हणाली, "कुत्रा खोटं बोलत नाही साहेब. त्याला बढती नको असते."

"मग चूक कुठे आहे?"

"ती बरण्यांतली कापडं कुणी भरली होती?"

"मी. सर्वच्या सर्व."

"हातमोजे घालून?"

"एका हातात तडफडणारं मूल असताना हातमोजे कसे घालायचे, ते तुम्ही मला शिकवाल का?"

ती काही क्षण माझ्या हातांकडे पाहत राहिली. "तेव्हा तुम्हाला फार राग आलेला असायचा का?"

या प्रश्नाचा नमुन्यांशी काय संबंध, असे मी विचारले. ती म्हणाली, संबंध असेलही. नवे नमुने घेऊ, या वेळी वहिनींना घेऊ दे. मी उभा राहिलो. दोन दशके जो माणूस दशलक्षांशापर्यंतची मोजमापे करतो त्याचे नमुने एका श्वानपथकातल्या बाईने नाकारायचे आणि 'संध्याकाळ' हे मोजमाप समजणाऱ्या बाईला काम द्यायचे, हा विनोद असेल तर मला कळला नाही. पुन्हा असे बोललात तर केंद्राकडे लेखी तक्रार करीन, असे बजावले. हे बोलताना कुत्रा माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून बसला होता. प्रशिक्षिकेने त्याला उठवले नाही. उलट खिशातून खाऊ काढून दिला. चुकीला बक्षीस.

ती गेल्यावर पत्नी म्हणाली, "तिला घालवून काय मिळवलंस?"

"अचूकता."

"बरं," ती म्हणाली. तिचे 'बरं' मला मारापेक्षा जास्त लागते, हे तिला ठाऊक आहे. चहाचा कप मी भिंतीवर मारला. रिकामा होता.

२४ फेब्रुवारी

मोजमापांच्या परिषदेसाठी चार दिवस परगावी होतो. माझ्या गैरहजेरीत पत्नीने तक्ता भरला. झटके दोन. पहिल्याच्या आधी सही नाही. दुसऱ्याच्याही आधी नाही, पण मुंगी भिंतीकडे धावताच कुत्रा मध्ये आडवा पडला आणि तिचे डोके त्याच्या पोटावर आदळले. झटक्याचा कालावधी: 'थोडाच'. इतर सह्या: शून्य. शेवटच्या रकान्यात तिने लिहिले आहे: 'कारकून उन्हात झोपला.'

"मिनिटं कुठे आहेत?"

"घड्याळ बघायला वेळ नव्हता. मी तिच्याजवळ बसले होते."

तिच्या मानेवर दातांची ताजी खूण आहे. तरीही चार दिवसांच्या मानाने ती अवाजवी टवटवीत दिसत होती. चार दिवसांत शून्य सह्या म्हणजे एक तर कुत्रा आळशी झाला किंवा नोंद खोटी. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

बॅग खाली ठेवून पाच मिनिटे होतात न होतात तोच कारकुनाने सही केली. माझ्यावर.

८ मार्च

हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमा, कोणाची, ते ठाऊक नाही.

चाचणीला बावीस दिवस उरले होते. सकाळी दहापासून मी तालीम घेत होतो: मुंगीने कुत्र्याचा पट्टा धरून दारापासून खुर्चीपर्यंत यायचे, बसायचे, पट्टा खुर्चीच्या हाताला अडकवायचा. ती पट्टा अडकवत नव्हती. तो जमिनीवर सरळ मांडून त्याच्या शेजारी चपला ठेवत होती. अकरा वेळा घेतले. अकराव्या वेळी ती मटकन खाली बसली.

"पुरे आता," पत्नी म्हणाली.

"पुन्हा."

"तिला भूक लागलीय. पुरे."

"त्या खाटेवर तिला स्क्रूने बांधणार आहेत, कळतंय का तुला? पुन्हा."

कुत्र्याने सही केली. मी पंजा झटकला. त्याने सही केली. मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. मुंगीने पट्टा माझ्या तोंडावर मारला, त्याची कडी डोळ्याखाली लागली. मी तिच्या केसांना धरून तिला उभे केले. ती उलटी वळली आणि माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यामागचे मांस दातांत धरून लोंबकळली. दात हाडाला टेकल्याचे मला जाणवले. पत्नीने मागून माझा शर्ट ओढला. मी कोपर मागे नेला, तो तिच्या तोंडावर बसला. मुंगी सुटून कोपऱ्यात सरकली. कुत्रा तिच्यापुढे आडवा पडला.

भिंत तिच्या पाठीमागे होती. तो भिंतीच्या बाजूला पडला नाही. माझ्या बाजूला पडला.

"ऊठ," मी म्हणालो. तो उठला नाही.

अभ्यासिकेच्या दाराला अडसर म्हणून दोन किलोचे एक जुने लोखंडी वजन ठेवलेले असते. ते माझ्या डाव्या हातात होते. मी ते फेकले नाही, हे स्पष्टपणे नोंदवतो. ते हातात धरूनच मी खाली आणले. त्याच्या पुढच्या डाव्या पायाचे हाड मोडले. आवाज वाळक्या फळीसारखा. तो किंचाळला, एकदाच. चावला नाही. जागचा हलला नाही. मग त्याने दुसरा पंजा उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी वजन पुन्हा वर नेले होते. ते कोणासाठी, हे मला सांगता येत नाही. कोपऱ्यातून मुंगी बघत होती. ती रडत नव्हती, आपटत नव्हती. चोवीस फेब्रुवारीपासून तिला एकही झटका आलेला नाही, ही गोष्ट त्या क्षणी मला आठवली.

वजन मी जमिनीवर ठेवले. ठेवताना आवाज होऊ दिला नाही. का, कोण जाणे.

मेहुणा आला. त्याने कुत्र्याला गोधडीत उचलले. पत्नीचा ओठ फाटला होता. तिने मुंगीच्या पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाली, "मागे येऊ नकोस." मेहुण्याने या वेळी विनोद केला नाही. माझ्या हाताला नऊ टाके पडले.

९ मार्च

घरी एकटा होतो, म्हणून कामावर गेलो. उजव्या हाताला पट्टी. नवी साहाय्यिका, जिच्यावर मी अहवाल लिहिला होता तीच, एका वजनाची तपासणी माझ्यापुढे घेऊन आली. मी कपाट उघडले आणि डावा हात तसाच उघडा पुढे केला.

"सर," ती म्हणाली. दोन पावले मागे सरून, अगदी हळू. "हातमोजा."

मी हात मागे घेतला. ती ट्रे सावरून उभी होती, उडवला गेलाच तर धरता येईल अशा बेताने.

बराच वेळ मी त्या मानकाकडे पाहत होतो. मग जागेवर येऊन या वहीतली दहा जानेवारीची नोंद काढली. अकरा बरण्या. मनगटे एका हातात, कापड दुसऱ्या हातात, झाकण दातांत. तिच्या मानेचा घाम अधिक माझ्या बोटांचा. प्रत्येक कापडावर मी होतो, आणि प्रत्येक वेळी मी कोणत्या अवस्थेत होतो हे मला विचारण्यात आले होते, आणि मी तक्रारीची धमकी दिली होती. कुत्र्याला जे शिकवले तेच तो शिकला होता. त्याच्या नाकाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

घरी येऊन तक्ता घेतला. एकूण सह्या अठ्ठावन्न. त्यांपैकी माझ्यावर एकोणपन्नास. एकोणपन्नास ठिकाणी 'चूक' खोडून 'बरोबर' लिहिले. डाव्या हाताने. तक्ता इतका घाणेरडा झाला आहे की माझ्या साहाय्यकाने आणला असता तर मी फाडला असता.

१२ मार्च

प्रशिक्षिकेला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग कुत्रा परत का नेला नाही?"

"नेणारच होते. वहिनींनी पाय धरले. म्हणाल्या, राहू द्या त्याला. तो यांच्या गुडघ्याशी असतो तेवढा वेळ हात माझ्या लेकीपर्यंत पोहोचत नाही."

मी समोरचा तक्ता पालथा ठेवला.

"मी नेला नाही ही माझी चूक," ती म्हणाली. "पाय त्याचा गेला. माझ्या हिशेबात ते राहील."

चाचणी पुढे ढकलता येते का, असे मी विचारले. हाड सांधायला सहा आठवडे, नवे नमुने, नवा सराव. जूनपर्यंत मुदत मिळू शकते. मात्र कारण लेखी द्यावे लागते आणि चाचणी घेणारी समिती ते तपासते.

"कारण काय लिहू?"

"साहेब, तुमचं अक्षर सुरेख आहे," ती म्हणाली. "जे झालं ते लिहा."

चार मसुदे केले. पहिल्यात 'नमुने दूषित झाले' असे होते. दुसऱ्यात 'नमुने माझ्याकडून दूषित झाले'. तिसऱ्यात 'कुत्र्यास इजा झाली'. चौथा असा: 'नमुने मी दूषित केले. कुत्र्याचा पाय मी मोडला. मुलीच्या अंगावरचे डाग माझ्या बोटांचे आहेत. पत्नीचा ओठ मी फोडला.' चार वाक्ये. संपूर्ण आयुष्यात याहून अचूक काही लिहिल्याचे आठवत नाही.

२९ मार्च

समितीचा निर्णय. मुदत पंधरा जूनपर्यंत. खाट तोपर्यंत राखीव. अटी अशा: मी त्या घरात राहायचे नाही. राग आवरण्याच्या वर्गाला आठवड्यातून दोनदा जायचे, आणि समिती कळवील तेव्हापासून रविवारी दोन तास, मेहुण्याच्या उपस्थितीत, भेट.

प्रयोगशाळेमागे एक खोली घेतली आहे. भिंतीला ओल. दार बरोबर बसत नाही. मी ते तसेच ठेवले आहे.

साहाय्यिकेविरुद्धचा अहवाल मागे घेतला. ती "ठीक आहे, सर" म्हणाली. अजूनही दोन पावले अंतर ठेवून उभी राहते.

१६ जून

पत्नीचा निरोप, एका ओळीचा: 'पास. सोमवारपासून शाळा.'

नमुन्यांची लेबले तिने पाठवली होती, मी मागितली नसताना. सगळ्यांवर तेच: 'मंगळवार, संध्याकाळ'. 'गुरुवार, जेवणाआधी'. संस्थेने खाट दुसऱ्या कोणाला दिली असेल. ते मूल कोणाचे, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

२८ जून

पहिली भेट. मेहुणा दारातच खुर्ची टाकून बसला, मांडीवर रंधा घेऊन. रंधायला काहीच नव्हते. कारकून डाव्या पायाने लंगडतो. तो माझ्याजवळ आला, विजारीवरून नाक फिरवले आणि खिडकीखाली जाऊन झोपला. आता त्याला फक्त मुंगीचा वास शिकवला आहे. माझ्याशी त्याचे काही काम उरलेले नाही.

मुंगी फरशीवर बसून बटणे रांगेत मांडत होती. मोठे, लहान, मोठे, लहान, आणि मग दोन मोठी लागोपाठ. मी चूक पाहिली. काही बोललो नाही. पत्नीने चहा आणला, बशीत सांडलेला. काही बोललो नाही. मग ती म्हणाली की शाळेतल्या नव्या बाई मुंगीला चमचा मुठीतच धरू देतात, आणि ती आता सांडत नाही. माझ्या कानामागची शीर उडू लागली. मी कप खाली ठेवला. हलकेच ठेवला असे मला वाटले.

मुंगी उठली. बटणे तशीच टाकून, जे ती कधी करत नाही, माझ्यासमोर आली. चारही बोटे जुळवली आणि तळहात माझ्या गुडघ्यावर ठेवला. दाबला. मान किंचित तिरपी करून माझ्याकडे पाहत राहिली.

मेहुण्याचा रंधा मांडीवरून जमिनीवर आला होता. तो अर्धा उठला होता. कारकुनाने एक डोळा उघडून पाहिले.

"बाहेर जाऊन येतो," मी म्हणालो. चपला घातल्या, दोन मजले उतरलो, दोन मजले चढलो, पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा ती पुन्हा बटणांपाशी बसली होती. दोन मोठी बटणे लागोपाठ तशीच होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, हात मांडीखाली घेऊन.

खोलीवर येऊन जुना तक्ता काढला आणि शेवटी एक ओळ वाढवली.

सही क्रमांक एकोणसाठ. व्यक्ती: मी. निर्णय: बरोबर.